जगातली सगळ्यात थोर चीज

माझी फजिती मीच सांगतो बाबा, नाहीतर शेषराव तिखटमीठ लावून सांगणारच आहे!

मुरूम गावात माझं खत-बियाण्यांचं दुकान. शेषराव माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या फोनवर विलायती पियानोचे तुकडे येतात, नाव ना गाव. आणि त्यातली सगळ्यात थोर चीज कुठली, यावर आम्ही दुकानात बसून तावातावानं भांडतो. आहे की नाही शौक?

माझी चीज संथ. ती लागली की समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी मी डोळे मिटतो. शेषरावची चीज तुफानी.

"जगात हिच्या वर न्हाय काय," तो म्हणायचा.

"ही चीज व्हय? पत्र्यावर गारा पडल्यात लेका!"

"आरं, तुला ऐकायचा दमच न्हाय!"

अशात आमच्या गावच्या डॉक्टरांची मुलगी ऋचा पुण्याहून आली. पियानो शिकलेली पोर. गावासाठी कार्यक्रम करते म्हणाली. मी पळत जाऊन तिला फोनवर माझी चीज ऐकवली.

"काका, हीच वाजवते की!"

झालं! आता भर सभेत शेषरावचं तोंड बंद करायचं, एवढंच माझ्या डोक्यात. सत्काराचं काम मी मागून घेतलं. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं तयार.

आणि काय वाजवलं हो त्या पोरीनं! फोनमधलं काहीच नव्हे त्याच्यापुढं. हॉलमधली चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प. शेवटचा सूर विरला, ऋचानं हात मांडीवर घेतले. माझे डोळे भरून आलेले. मी ताडकन उठलो, स्टेजवर चढलो, पोरीला शाल घातली, डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि माइक धरला.

"मंडळी, जगातली सगळ्यात थोर चीज ती ही! नाहीतर काही लोक नुसती आदळआपट ऐकत बसतात…"

ऋचा फेटा सावरत हळूच म्हणाली, "काका, अजून दोन भाग राहिलेत."

माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं! हॉल खो खो हसला. मी खाली उतरलो तो थेट बाहेर नळावर. तोंडावर पाणी मारत बसलो बराच वेळ. परत आलो आणि दारातच थबकलो.

गारा! शेषरावची चीज! माझ्याच चिजेचा शेवटचा भाग! फेट्याचा शेमला हलतोय, पोरीची बोटं दिसेनात. अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या.

पुन्हा माइक घेतला. "मंडळी, मी चुकलो! शेषरावचं खरं आहे. तिन्ही भाग एकापेक्षा एक सरस. आणि मधला तर थेट काळजात घुसला!"

शेषराव पहिल्या रांगेतून ओरडला, "मधला चालू व्हता तवा तू नळावर व्हतास की रं!"