जसं छापलंय तसं

देवगाव फाट्याहून सकाळच्या पहिल्या जीपने पेपर यायचा आणि विहाराच्या ओट्यावर बसून सिद्धोधन तो मोठ्याने वाचायचा. ही पद्धत त्याच्या वडिलांनी लावलेली. आता वाचता येणारे घरोघरी होते, मोबाईल तर शेळ्या राखणाऱ्यांकडेही होते. पण सिद्धोधनच्या तोंडून ऐकल्याशिवाय वस्तीला बातमी पटायची नाही. त्याचा हट्ट एकच: जसं छापलंय तसं वाचायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. बायको, बबिता, चिडवायची, "चहात साखर हाय का न्हाई, हे बी पेपरात बघूनच सांगा."

मे महिन्यात उन्हाळी भुईमूग काढायला आला. ऐन दुपारी दोन बाया चक्कर येऊन शेतातच आडव्या झाल्या, तेव्हा बबिताने आपल्या मजूर बायांच्या टोळीला तयार केलं. पहाटे कामाला लागायचं, ऊन चढायच्या आत घरी. शेतमालक व्यंकटराव काही ऐकेनात. तेवढ्यात पेपरात उन्हावर अख्खं पान आलं. बबिता हरखली, आता मालकाला बोलायला जागाच उरणार नव्हती.

पानाचा मथळा होता ‘दोन बाजू’. डावीकडे हवामानशास्त्रज्ञ बाई सांगत होत्या, ऊन वाढतंय, माणसाच्या करणीनं वाढतंय, दुपारचं काम जिवावर बेतेल. उजवीकडे कुणी एक ‘अभ्यासक’ लिहीत होता, मराठवाड्याला ऊन नवं नाही, उगाच बाऊ केला जातोय. बाईंच्या पाठीशी जगभरच्या शास्त्रज्ञांचं काम, आणि याच्या पाठीशी याचं स्वतःचं मत. पण फोटो सारखेच, जागाही सारखीच. असल्या समतोलाला जाळायचंय काय!

रोज पेपर वाचणाऱ्या सिद्धोधनला हा फरक कळत होता. बबिता मागून त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने दोन्ही बाजू एकाच आवाजात वाचल्या आणि पेपरची घडी घातली.

"दोगं बी शिकलेलेच. म्हंजी अजून ठरलं न्हाई," म्हातारे तात्याराव म्हणाले.

व्यंकटरावांनी तेच धरून ठेवलं. "ठरू द्या, मंग बघू." बाया गप्प बसल्या आणि टोळी नेहमीच्याच वेळेला कामावर जात राहिली. घरी बबिता म्हणाली, "तुमी एक शब्द बोलला असता तर बाया ऐकल्या असत्या."

त्याच आठवड्यात भर दुपारी बबिता भुईमुगाच्या ओळीत कोसळली. जीपमध्ये तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखाना येण्याआधीच ती गेली.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी पेपर आला. वस्ती ओट्याभोवती जमली. सिद्धोधनने वाचायला घेतलं, "मजूर महिलेचा मृत्यू : ऊन की अशक्तपणा?" खाली तेच दोन फोटो होते, शेजारी शेजारी.

"ऊन," तो एकदम ओरडला. "उन्हानंच मेली ती! ह्या हातानं धरलं हुतं मी तिला. हात भाजायला लागला हुता माझा!"

तात्यारावांचे डोळे भरले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तसं छापलंय का रं, बाबा?"

सिद्धोधनने पेपरकडे पाहिलं.

"न्हाई."

बायांनी डोक्याला फडकी बांधली, डबे उचलले आणि त्या रोजच्यासारख्या व्यंकटरावांच्या शेताकडे कामाला निघाल्या.