मुक्ताईला बोललेली पाटली

देवाशी भांडल्याशिवाय भक्ती पक्की होत नाही, असं माझी आई म्हणायची. तसं असेल तर त्या वर्षी माझी भक्ती फारच पक्की झाली. यावलला मोतीबिंदूचं फुकट शिबिर भरलं होतं. माझ्यापुढच्या म्हाताऱ्यांची एकेक करून ऑपरेशनसाठी नावं लिहिली गेली आणि त्या लग्नाचं आवतण मिळाल्यासारख्या हसत बाहेर आल्या. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला मोतीबिंदू नाही. साखरेच्या आजारानं डोळ्याच्या आतला पडदा खराब होतोय. ते काम इथलं नाही." मी बाहेर येऊन पारावर बसले आणि मनातल्या मनात मुक्ताईला म्हटलं, साऱ्या तालुक्याला मोतीबिंदू वाटलास, माझ्याच वेळी तुझा हात आखडला का गं?

मी मांडे करणारी. लग्नाकार्यात मला बोलावणं यायचं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा, लुगड्याच्या पदरासारखा पातळ झाला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. हे माझ्या आईनं मला शिकवलं आणि याच कमाईतून केलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या माझ्या लग्नात तिनं माझ्या हातात घातल्या. मुक्ताई आमचं दैवत. तिला मांडे करायचे होते आणि गावानं खापर मिळू दिलं नाही, तेव्हा भावानं आपली पाठ तापवून दिली, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. म्हणून चूल पेटवताना पहिला नमस्कार तिला. त्या उन्हाळ्यात एका लग्नात मी नेहमीसारखा मांडा झेलला, टाकला आणि तो खापराच्या बाजूला थेट जाळात पडला. मला खापराच्या जागी दोन काळे ठिपके तरंगताना दिसत होते. बाया हसल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

आता कबूलच करायचं तर सगळं करते. शिबिरातून घरी आल्यावर मी नवस बोलले, की आई, माझी नजर पहिल्यासारखी होऊ दे, यातली एक पाटली तुझ्या पायाशी वाहीन. नवस ऐकायला मोठा वाटतो. पण त्या पाटल्या माझ्या हातातून निघतच नव्हत्या. बाळंतपणांनंतर हात भरले, त्या मनगटात रुतल्या. आमच्या ह्यांनी एकदा केळीच्या बागेसाठी मोटार घ्यायला पाटल्या मागितल्या, तेव्हा मी साबण लावून, हात लाल करून दाखवला आणि म्हटलं, "बघा, निघतात का!" ते बिचारे पुन्हा बोलले नाहीत. मनातून मला बरंच वाटलं होतं. जी वस्तू निघत नाही ती कुणाला द्यावी लागत नाही, आणि तीच मी मुक्ताईला देऊन बसले होते. इतकी लबाडी मी एखाद्या वाण्याशीसुद्धा केली नसती.

यावलच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं, जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला. तिथे एका डॉक्टरांकडे लेझरचं यंत्र नवंच आलं होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट, आमच्याकडे तोवर लेझर हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. खर्च हजार रुपये असं कळलं होतं. दोन लग्नांचा इसार आणि ह्यांची थोडी शिल्लक मिळून हजार जमले. आम्ही दोघं एस.टी.नं धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, हनुवटी एका टेकूवर ठेवायला सांगितली आणि बुबुळावर काचेचं भिंग लावलं. मग वीज चमकायला लागली. हिरवी, झगझगीत, एकामागून एक, डोळ्याच्या पार आतपर्यंत. तापीकाठी आमची मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाली, असं सांगतात. भीती वाटत होती, पण मनात आलं, ती गेली ती हीच वीज असेल का? मी तिचं नाव घेत राहिले. दुखलं थोडं, पण त्या उजेडापुढे दुखणं आठवत नाही. बाहेर आले तेव्हा भिंती, माणसं, ह्यांचा सदरा, सगळं जांभळट दिसत होतं.

काउंटरवरच्या मुलीनं पुढच्या मंगळवारची तारीख लिहून दिली आणि म्हणाली, येताना हजार आणा. हजार एका बैठकीचे होते. एकेका डोळ्याला तीन बैठका. मी तिथेच आवाज चढवला, "माणसं लुटायला बसलात का?" डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा आत बोलावलं. रागावले नाहीत. कागदावर एक गोल काढला आणि म्हणाले, "हा तुमचा पडदा. याला रक्त पुरत नाही. आम्ही कडेकडेचा भाग जाळतो, म्हणजे जे रक्त आहे ते मधल्या भागाला पुरेल. वाचायचं, माणूस ओळखायचं, ते सगळं मधलं काम." आमचे हे लगेच म्हणाले, "केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापतो तसं. नाहीतर घड भरत नाही." डॉक्टर हसले. मी विचारलं, "म्हणजे नजर पहिल्यासारखी होईल ना?" ते म्हणाले, "नाही. गेली ती येत नाही. आहे ती राहावी म्हणून हे. आणि कडेचं थोडं कमी दिसेल, अंधारात जास्त जपावं लागेल." मी मनात हिशेब मांडला. म्हणजे पैसेही द्यायचे आणि वर नजरेच्या कडाही द्यायच्या. असला महाग सौदा मी ऐकला नव्हता.

बसस्टँडवर बाकावर बसून मी रडत होते. औषधानं पाणी येतंय, असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मग हळूच म्हणाले, "पाटल्या मोडू." मी उसळले, "त्या देवीला बोललेल्या आहेत! आणि निघतात कुठे?" हे म्हणाले, "जिच्याकडे साधं खापर नव्हतं, ती तुझी पाटली घेऊन काय करणार?" शेजारी जमिनीवर एक म्हातारे मणियार बांगड्यांची पेटी मांडून बसले होते. डोक्यावर जाळीची टोपी, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. त्यांनी आमचं सारं ऐकलं असावं. हात पुढे करून म्हणाले, "अक्का, हात द्या बरं." मी का दिला, मला सांगता येत नाही. त्यांनी मनगट चाचपलं, कोपरापर्यंत बोटं फिरवली, खापराच्या जुन्या चटक्यांवर थांबवली आणि म्हणाले, "हाई हात मांडा करनारीना शे. आठे एक केस बी नही, बठ्ठा जळी गयात." ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनी हातावरच्या जळालेल्या केसांवरून मला मांडे करणारी म्हणून ओळखलं होतं.

मग ते आपलं सांगू लागले. "माले बी एक डाव लेझर व्हयनं, मुंबईले. दुसरा डाव गऊ नही. पैसा वाचाडा. तो पैसा घरमा शे अजून. पन माले दिखस कोठे?" असं म्हणून ते हसले, स्वतःलाच. बोलता बोलता त्यांनी माझा अंगठा तळहातात दुमडला, बोटं जुळवली आणि दाबून पाहिलं. पाटली हलेना. मी म्हटलं, "बाबा, साबण लावूनही निघत नाही." ते म्हणाले, "साबणनं काम नही. हात ढिला सोडा, अक्का. तुम्हीच धरी ठेयेल शेत." खरंच माझी मूठ आवळलेली होती, मला ठाऊकच नव्हतं. मी डोळे मिटले. मुक्ताईला म्हटलं, घे बाई, तुला हव्या त्या वाटेनं घे. श्वास सोडला आणि हात त्यांच्या हातात पडू दिला. एवढंच मी केलं. पाटली सरकली. मग दुसरीही. कातडीला ओरखडासुद्धा नाही. दोन्ही माझ्या ओंजळीत ठेवून ते पेटी आवरायला लागले. आमचे हे बघतच राहिले. "वीस वर्षं निघत नव्हत्या?" एवढंच म्हणाले, तेही हळू. मी पैसे देऊ लागले तर बाबांनी हात मागे घेतला. "काढाना पैसा मी लेत नही. बांगड्या भरस तवयच लेस."

पाटल्या जळगावच्या सराफाकडे मोडल्या. उरलेल्या पाचही बैठका वेळेवर झाल्या आणि प्रत्येक वेळी ती हिरवी वीज मी न भिता अंगावर घेतली. मग एदलाबादच्या देवळात मुक्ताईपुढे गेले, मोकळ्या मनगटांनी, घरच्या चुलीवरचे मांडे घेऊन. गाभाऱ्याच्या कडा मला दिसत नव्हत्या. खांब, समया, बाजूची माणसं, सगळं विरून गेलेलं. मधोमध फक्त आईचा मुखवटा, कपाळावरच्या कुंकवासकट स्वच्छ. पूर्वी दर्शनाला आले की मी कुणाचं लुगडं कसलं, कुणी किती दक्षिणा टाकली हेच बघायची. त्या दिवशी तिच्याशिवाय दुसरं काही दिसण्याची सोयच तिनं ठेवली नव्हती. मी खूप रडले. नवस फेडायला आले नाही गं, म्हटलं, तू आधीच घेऊन गेलीस.

लोक म्हणतात, तो मणियार माणूस नव्हताच. मी म्हणते, माणूसच होता, कारण शेवटच्या तपासणीला धुळ्याला गेले तेव्हा ते बसस्टँडवर तिथेच, त्याच जागी बसले होते. मी मांड्यांची पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं नाही. मग हात हातात घेतला आणि म्हणाले, "आते ढिला शे." देणाराच माझ्या मुठीतून काढून घेतो आणि तोच नंतर भरतो, हे मला तेव्हा समजलं. त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "कोणता रंग भरू, अक्का? तुम्हीच देखीसन सांगा."

मी वाकून पाहिलं. लाल होत्या, पिवळ्या होत्या, मोरपंखी होत्या.

"हिरव्या भरा, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या डाव्या हाताशी आहेत."