शालूला मी खाली बसवलं

मोठे डॉक्टर आत आले आणि शालू उठायला लागली. टेबलाचा पाय धरून, एक गुडघा वर. मी तिचा खांदा धरला आणि दाबून खाली बसवलं. कुणी पाहिलं नाही. मला वाटतं, नाही पाहिलं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना सांगते. आधीपासून सांगते.

शालू दहा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, आमच्यात सगळेच उशिरा चालतात. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय ओढून पाहिले, डोक्याचा स्कॅन करायला लावला आणि सेरेब्रल पाल्सी म्हणल्या. म्हणजे जन्मताना श्वास अडकला, मेंदूला हवा कमी पडली, म्हणून हातपाय ताठ राहतात. लेकराला कळतं सगळं.

"हे जाणार नाही, पण व्यायामानं फरक पडेल," म्हणल्या. मी मान हलवली. रडू आलं नाही. बसमध्ये पण आलं नाही.

मग तीन वर्षं अंबरपेठहून सरकारी दवाखाना, हप्त्यातून तीनदा, ही कडेवर. तिथं पद्मा मॅडम फिजिओथेरपी करायच्या, म्हणजे हातापायांचा व्यायाम. फुकट. पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या असतात, कॅलिपर म्हणतात, त्या पण फुकट.

पण शालू उभी राहिली ती घरी. मामंजी दुकानातून आले की आम्ही सगळे उठून उभे राहतो, आमच्यात तशी रीत आहे. शालू रोज बघायची. एक दिवस ते आले आणि ही खाटेचा पाय धरून उभी. मामंजी चप्पल काढायचं विसरले.

"बस माय, बस. माझ्यासाठी नको उठू," म्हणले. दुसऱ्या दिवशी थोडे लवकर आले.

त्याच महिन्यात दवाखान्यात बोलणं सुरू झालं. सरकार खर्च कमी करायलंय, सगळं खाजगी होणार, असलं. पद्मा मॅडम म्हणल्या, "अम्मा, अजून पक्कं नाही. पण ज्यादा टक्केवाल्या लेकरांनाच ठेवणार म्हणतात. बाकीच्यांनी बाहेर बघायचं." टक्के म्हणजे अपंगत्वाचे. डॉक्टर तपासून सर्टिफिकेटावर लिहितात. शालूचं सर्टिफिकेट नव्यानं व्हायचं होतं. हिमायतनगरला एक खाजगी दवाखाना आहे, तिथं मी एका वेळचे पैसे विचारून आले. पुन्हा गेले नाही.

तपासणीच्या दिवशी बाकड्यावर शेजारी एक बुरखेवाली बाई होती, तिची मुलगी मांडीवर. म्हणली, "इधर फेल हुए तोच पास, बहन. बच्ची को जो आता, वो मत बताना." आणि हसली. मी पण हसले. मग आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. "खडी रहती क्या, अम्मा?"

"नाही सर."

शालू माझ्याकडे बघत होती. माझा हात अजून तिच्या खांद्यावरच होता. त्यांनी पाय वाकवून पाहिले, लिहिलं, शिक्का मारला. बाहेर येऊन एकाकडून वाचून घेतलं. ज्यादा टक्के. पास.

व्यायाम चालू आहे. नवीन नियमाचा कागद अजून आला नाही. येणार की नाही, पद्मा मॅडमला पण माहीत नाही.

मामंजी आले की शालू आता आधी माझ्याकडे बघते. मी म्हणते, ऊठ शालू, आजोबा आले, ऊठ. ती बसून राहते. मामंजी दारात जरा थांबतात, उगंच घसा खाकरतात, मग चप्पल काढतात. त्यांना मी काही सांगितलं नाही. पद्मा मॅडम तिला पापा म्हणतात, तेलुगूत लहान पोरीला म्हणतात तसं. विचारतात, "पापा घरी उभी राहते का?" त्यांना पण काही सांगितलं नाही.

शालूला तरी काय सांगू, कुठं उठायचं आणि कुठं नाही? चार वर्षांची आहे ती. तुम्ही सांगा. डॉक्टर दारात आहेत, लेकरू तुमच्यासमोर उठायलंय, आणि तुमचा हात तिच्या खांद्यापाशी आहे. तुम्ही काय केलं असतं?