दाजींखालचा कापूस

पहिल्या दिवाळसणाला मी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ सासुरवाडीला गेलो, तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ रजेवर आला होता. तो फौजेत, विमानातून छत्री बांधून उड्या मारणाऱ्यांतला. चीनची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि गावातल्या पोरांना भरतीचं वेड लागलं होतं. ज्वारी राखायच्या माळ्यावरून खाली कसं उतरायचं, ते हा मेहुणा त्यांना शिकवत होता. छत्री नव्हतीच. तो म्हणे, छत्री आपली आपण उघडते. शिकायचं ते पडायला.

पडायचा मला लहानपणापासून सराव. तळोद्याच्या शाळेत मास्तर, वय अठ्ठावीस, पोट चाळिशीचं. पायजमा मोज्यांत खोचून मीही रांगेत उभा राहिलो.

पावलं आणि गुडघे जुळलेले, हनुवटी छातीला. जमीन लागली की उभं राहायची हौस करायची नाही. पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा असं कलंडत जायचं. पोरं चुकली की मेहुणा ओरडे, "मानूस शे का गोनी शे तू? पाय जोड!"

माझी पाळी आली की मात्र तो सगळ्यांना थांबवी. दोघं पळत जाऊन नुकता वेचलेला कापूस आणत आणि माळ्याखाली ढीग रचत. मी डोळे मिटून, तंगड्या फाकवून बेडकासारखा खाली येई आणि कमरेपर्यंत रुतून बसे.

"वा दाजी! भलती भारी उडी मारी!"

जवायाला चुकलात असं कोण म्हणणार? तेही दिवाळसणाला! सासूबाई लगोलग चहा पाठवत. तीन दिवस मी स्वतःला अर्धा फौजी समजत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या केसांतला कापूस काढता काढता बायकोला हसू फुटलं. "पोरांचे गुडघे फुटले, अन् तुम्हाला ओरखडासुद्धा नाही. तुम्हाला उडी शिकवतात की पाळण्यात घालतात?"

लग्नाला सहा महिने झाले होते. एवढ्यात तिने मला बरोबर ओळखलेलं पाहून मी हादरलो. आता मला एकच उडी हवी होती: उघड्या रानावर, तिच्यादेखत, नीट. आणि मेहुण्याची रजा दोन दिवसांत संपत होती.

मी त्याला गाठलं. "उद्या कापूस नको. आणि मला शिव्या दे."

त्याने कानांना हात लावले. "दाजी, पाप लागी मले!"

"मग मी रुसलो," मी म्हणालो आणि तिथेच बांधावर बसलो. दिवाळसणाला जवायाने रुसून सायकल मागावी, घड्याळ मागावं, असा रिवाज. शिव्या मागणारा जवाई त्याने पहिल्यांदाच पाहिला. पण रुसणं म्हणजे रुसणं. सासरच्यांना ते काढावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याखाली नुसतं नांगरलेलं काळं रान होतं. पोरं रांगेत, बायको आणि सासूबाई बांधावर उभ्या. मी उडी मारली आणि पाय फाकलेच.

"आरे ओ मास्तर!" मेहुणा असा कडाडला की झाडावरचे पोपट उडाले. "म्हैस बी तुन्हापेक्षा बरी पडस! ऊठ! पोट घरी ठेवीसन ये!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "आरे देवा! जवाईले आसं बोलतस का?"

मी मात्र धावत पुन्हा माळ्यावर चढलो. सात वेळा पडलो. कोपर सोललं, पायजमा फाटला, आणि माझ्या खापरपणजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. इतका मान मला त्या घरात आधी कधी मिळाला नव्हता.

आठव्या खेपेला डोळे उघडे राहिले. जमीन वर आली, पावलं जुळलेली टेकली आणि पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा करत मी गडगडलो. थांबलो तेव्हा आभाळ जागेवर होतं. मीही.

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने "वा दाजी" म्हटलं नाही. माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. माळ्याकडे हात करून ओरडला, "पुढला ये!"

त्या दुपारी बायको माझ्या केसांतली ढेकळं काढत होती. बराच वेळ काढत होती, आणि हसत नव्हती.