साकवाच्या फायलीवरची टिपणी

खात्याचं नाव सांगत नाही, त्याच खात्याची पेन्शन अजून खातोय. भोरच्या ऑफिसात कोर्टाच्या फायली माझ्याकडे असायच्या. साहेब येत, बदलून जात; मी आपला तिथंच. त्यामुळे कुठला दावा लढायचा आणि कुठला मिटवायचा हे कागदोपत्री साहेब ठरवत आणि खरं म्हणजे मी. "तुम्ही टिपणी मांडा, मी सही करतो," हे प्रत्येक साहेबाचं ठरलेलं वाक्य.

ज्या आजींची ही गोष्ट, त्यांचं प्रकरण वेल्ह्याकडच्या एका गावातलं. आमच्या खात्यानं पाण्याचा पाट काढला तो नेमका त्यांच्या शेतातून. घर आणि गोठा अलीकडे, भाताची खाचरं पलीकडे. नकाशात पाटावर साकव, म्हणजे लहानसा पूल, दाखवलेला होता, जागेवर नव्हता. बैल पलीकडे न्यायचे तर दोन वाड्यांना वळसा. आजींनी अर्ज दिले, आम्ही इमानेइतबारे पोच दिली. शेवटी त्यांच्या मुलानं वकील गाठून खात्यावर दावा लावला.

कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. कोर्टातलीच एक लहान खोली, तिथं एक वकीलबाई मध्यस्थ म्हणून बसायच्या. दाव्यात पाच-सहा मागण्या होत्या. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"बैल पल्याड जातील एवढी वाट द्या. बाकीचं त्या वकिलानं लिवलंय, मला न्हाई म्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसायेब, पोरगं म्हनतंय, औंदा लावणी झाली तर हितं ऱ्हातो, न्हाईतर कंपनीत जातो. एकुलतं हाय. तेवढं बगा."

बाईंनी मला विचारलं, "नकाशात साकव आहे ना? मग अडचण काय?"

अडचण काहीच नव्हती. मी म्हणालो, "वरिष्ठांना विचारून सांगतो." तीन तारखांना मी हेच म्हणालो. तिन्ही वेळा आजी दोन एसट्या बदलून आल्या होत्या, आणि मी ऑफिसातून चालत पाच मिनिटांत.

चौथ्या तारखेला बाईंनी मसुदाच लिहून काढला. खात्यानं पावसाआधी साकव बांधायचा, आजींनी दावा काढून घ्यायचा. फक्त ऑफिसचं संमतीचं पत्र हवं होतं. आजींनी कनवटीची चंची सोडून एक अख्खी सुपारी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्या गावात भांडण मिटलं की दोघांनी एकच सुपारी फोडून खायची.

"पत्र येऊ द्या, मग खाऊ," मी म्हणालो. त्यांनी ती परत चंचीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी टिपणी लिहायला बसलो. आमच्या ऑफिसात हरलेलं चालायचं, मिटवलेलं चालायचं नाही. हरलं की कोर्टाचा आदेश फायलीला लागतो आणि सगळे मोकळे; मिटवलं की खाली कुणाची तरी सही राहते, आणि त्या सहीला लेखापरीक्षणवाले येऊन विचारतात. पूर्वी एकदा कुंपणाची एक साधी तक्रार मी मिटवायला लावली होती. त्याचे खुलासे लिहिता लिहिता माझी बढती लांबली. ते आठवलं आणि हात आखडला. मी लिहिलं, 'तडजोड केल्यास इतर शेतकरीही अशीच मागणी करतील. सबब प्रकरण न्यायालयातच चालवणे उचित राहील.' साहेब फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सही केली. त्यांनी तरी वाचून ती अडवावी असं मला आतून वाटत होतं, हे आज कबूल करतो.

पुढच्या तारखेला आजी कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी सांगितलं, "साहेबांनी नाकारलं."

"मोठ्या लोकांपुढं तुमी तरी काय करनार? तुमी लई धावपळ केली आमच्यासाठी." वर त्यांनी मलाच विचारलं, "जेवलात का?"

"जातोच आता जेवायला," मी म्हणालो. घरी जाऊन मी व्यवस्थित जेवलोही.

दावा पाच वर्षं चालला. कोर्टानं तेच सांगितलं जे बाईंनी एका पानावर लिहिलं होतं: साकव बांधा. आम्ही बांधला. काम झाल्याचा फोटो फायलीला लावायचा म्हणून मी जागेवर गेलो. साकव चांगला रुंद झाला होता, बैलगाडीसुद्धा गेली असती. पलीकडच्या खाचरांत कमरेएवढं गवत होतं. बांध फुटून खाचरं एकमेकांत मिसळली होती. गोठ्यात आता लाकडं रचली होती. मुलगा तडजोड फिसकटली त्याच पावसाळ्यात शिरवळकडे कंपनीत लागला आणि बायकोपोरांना घेऊन तिकडेच राहिला, बैल विकले, हे मला शेजाऱ्यानं सांगितलं.

फोटोसाठी आजी काठी टेकत साकवाच्या मध्यापर्यंत आल्या. "पल्याड जाऊन येता का?" मी विचारलं.

"काय करू जाऊन? कोन हाय तितं?"

मग त्यांनी चंची सोडली. सुपारी तीच होती की दुसरी, मला माहीत नाही. अडकित्त्यानं त्यांनी ती फोडली. "तवा त्या सायबानं मोडता घातला," त्या म्हणाल्या, "पर तुमी काय सोडलं न्हाई. तुमच्यामुळंच झालं ह्ये. देव तुमच्या पोरांना तुमच्याजवळ ठेवो."

साहेबांनी नाही आजी, मी लिहिलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी तोंडात आले होते. आजींनी सुपारीचा मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, लहान स्वतःला घेतला आणि मी खाईपर्यंत थांबून राहिल्या.

मी तो तोंडात टाकला आणि म्हणालो, "बरं झालं आजी, मिटलं एकदाचं."