घासलेली बरणी

मायक्रोस्कोप लेकीने स्वतःसाठी घेतला होता. आयर्लंडमधल्या नावन गावाजवळच्या एका कारखान्यात ती हृदयात बसवायच्या नळ्या तपासते, तेही भिंगातूनच. घरी येऊन पुन्हा भिंगात डोळा घालायचा तिला कंटाळा येऊ लागला आणि ते यंत्र माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली, पण पाणी निवळायला आणि फोटोचं बटण दाबायला तेवढं पुरतं.

नदीतल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. त्यात डायटम नावाचे जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येकाला काचेचं कवच असतं आणि त्यावर बारीक रेघा आणि भोकं. आमच्या नदीतले बहुतेक होडीसारखे निमुळते.

थर चमच्याने खरवडून बरणीत आणायचा. लेक त्यात केमिस्टकडचं औषध घालून घाण जाळते. मग कवचं तळाला बसू द्यायची, वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं. लेक दहा मिनिटांत ओतून मोकळी व्हायची आणि म्हणायची, "आई, यात काहीच नाहीये." मी कुरडयांचा चीक आयुष्यभर काढला आहे. बरणी रात्रभर हलवली नाही, सकाळी वरची निवळ अलगद काढली, तर तळाला पांढरा गाळ मिळाला. तेव्हापासून ते काम माझं.

गेल्या हिवाळ्यात त्या गाळात एक गोल डायटम दिसला. चाळणीसारखा, भोकांच्या ओळी मधून कडेपर्यंत गेलेल्या, कुठे तडा नाही. मी श्वास रोखून बटण दाबलं. इथल्या मायक्रोस्कोपच्या हौशी लोकांच्या मंडळाने ग्रंथालयात फोटो लावले, तेव्हा लेकीने तो देऊन टाकला. खाली बॉइन नदी असं लिहिलं होतं आणि माझं नाव. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव छापलेलं मी तिथेच पाहिलं. मी पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहून ते दोनदा वाचलं.

मंडळाचे प्रमुख काठी टेकत चालणारे म्हातारे गृहस्थ. ते फोटोसमोर बराच वेळ थांबले आणि मग लेकीशी बोलले. तिने मला सांगितलं, "हा समुद्रातला आहे म्हणतात. इतक्या आत नदीत कसा आला, कळत नाही. कुठून आणलास ते विचारतायत. पुढच्या शनिवारी स्वतः उतरून बघणार आहेत."

"पुलाखालच्या पायऱ्या," मी म्हटलं. त्या पायऱ्यांवरून मी एकदा बसून घसरले आहे.

घरी आल्यावर मी विचार केला, त्या बरणीत आणखी काय गेलं होतं? तिच्या आतला तपकिरी डाग निघेना, म्हणून मी ती गावाहून आणलेल्या देव घासायच्या पावडरीने घासली होती. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून भिंगाखाली धरली. तशाच गोल चकत्या, बहुतेक फुटलेल्या, एखादी अख्खी.

लेकीने वाचून सांगितलं की असल्या पावडरीत जुन्या समुद्रतळाची माती असू शकते, डायटमच्या कवचांचीच. त्यानेच पितळ उजळतं. मग ती हसत सुटली. "आई, तू पण ना! जाऊ दे, इथले म्हणतात तसं, ग्रँड आहे, चालतंय. फोटो तर तूच काढलास."

"खाली नदी लिहिलंय."

"कोण विचारतंय?"

"ते विचारतायत. त्या पायऱ्या उतरणार आहेत."

"बरं बाई, मी मेसेज करते त्यांना."

"नको. खाली नाव माझं आहे."

खरं सांगितल्यावर ते फोटो उतरवतील, हे मी धरूनच चालले होते.

शनिवारी ते ग्रंथालयात गमबूट घालून तयारच होते. पिशवीत तीन रिकाम्या बरण्या. मी घोकून नेलेलं इंग्रजी वाक्य विसरले. पावडरीचं पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, "नॉट रिव्हर. धिस. फॉर गॉड."

त्यांना काही कळलं नाही. लेक बोलायला पुढे झाली, पण त्याआधी मी चिमूटभर पावडर रुमालावर घेतली आणि त्यांच्या काठीची पितळी मूठ घासली. चार बोटांएवढी जागा लख्ख झाली. ते मुठीकडे बघत राहिले, मग फोटोकडे, आणि इतके मोठ्याने हसले की पलीकडे वाचत बसलेल्या बाईंनी वर पाहिलं.

"मिसेस," ते म्हणाले, "तुम्ही माझे गुडघे वाचवलेत."

त्यांनी नदीची चिठ्ठी नखाने सोडवली. आता फोटोही निघणार म्हणून मी कोटाची बटणं लावू लागले. पण ते लेकीला विचारून नवी चिठ्ठी लिहीत होते. देव उजळायची पावडर, भारत. तिच्याखाली माझं नाव तसंच राहिलं. उरलेली अर्धी मूठ त्यांनी माझ्याकडूनच घासून घेतली.

बरण्या त्यांनी मला दिल्या. घरी लेकीने तिन्हींवर मराठीत कागद चिकटवले: फक्त नदीसाठी. घासू नये.