डेटाबेस स्लो आहे

त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते. ते मी इंग्रजीत बोलले, याची जास्तच.

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे हुपरीच्या एका पैंजण व्यापाऱ्याचं काम आलं होतं. हुपरीत एक पैंजण एका घरात पुरं होत नाही. कड्या एका घरी, जोडकाम दुसऱ्या घरी, घुंगरं तिसरीकडे, पॉलिश आणखी कुठे. कुठला माल आत्ता कुणाच्या घरी आहे, हे त्यांना स्क्रीनवर बघायचं होतं.

स्क्रीन माझ्याकडे होती, डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, दादांकडे. दादा आमच्याच ऑफिसातले, कोडोलीचे, चाळिशी ओलांडलेले, मराठी शाळेत शिकलेले. ते डेटाबेसशी थेट एसक्यूएलमध्ये, त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलायचे. नोंदींचं कुठलं टेबल कशाला जोडलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. मी डेटाबेसला प्रश्न विचारायला ऑब्जेक्टवाली क्वेरी लिहायचे. तिच्यात टेबलांशी संबंधच येत नाही. ‘माल’ म्हणायचं, ‘मालाचं घर’ म्हणायचं, खालचं एसक्यूएल लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, स्वतः बनवते. ते कधी उघडून बघावं असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर दादांचं काम मला जुनाट वाटायचं.

माझ्या मशीनवर दहा-बाराच नोंदी होत्या, यादी झटकन यायची. डेमोच्या दिवशी पहिल्यांदाच सगळा खरा माल भरलेला होता. व्यापारी समोर बसले, मी बटण दाबलं, आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं.

“मॅडम, चहा झाला, बिस्किट झालं, ह्ये अजून फिरतंयच की,” व्यापारी म्हणाले. “एवढ्यात आमचा माणूस सायकलवरनं सगळी घरं हिंडून आला असता.”

सगळे हसले. आमच्या मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, पण घाबरले की मला इंग्रजीच सुचतं.

“सर, आय थिंक द डेटाबेस इज स्लो.”

इतकं स्वच्छ आणि ठाम बोलले, की कुणी काही विचारलंच नाही. सगळ्या माना दादांकडे वळल्या.

“काय ओ, डेटाबेस तुमच्याकडं हाय न्हवं?” मालक म्हणाले.

“बघतो साहेब,” दादा म्हणाले. एवढंच.

दोन दिवसांत हुपरीचं सगळं काम माझ्याकडे आलं. दादांना जुन्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं.

डेटाबेसही गळ्यात पडल्यावर मी पहिल्यांदा खालचं एसक्यूएल दाखवणारी सेटिंग चालू केली आणि यादी उघडली. आधी सगळा माल मागणारी एक ओळ आली. मग प्रत्येक मालासाठी, त्याचं घर विचारणारी वेगळी ओळ. ओळी पळतच राहिल्या. डेटाबेस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लगेच देत होता. प्रश्नच हजारो होते, आणि ते माझे होते.

मी दादांच्या टेबलाशी गेले. “दादा, ते माझ्या क्वेरीमुळे…”

“व्हय. एका घरचा माल आणायचा, कोल्हापूरला परत यायचं, मग शेजारच्या घरासाठी पुन्हा हुपरीची एसटी धरायची, असं चाललंय तुझं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“डेमोतच कळलं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हटलं.”

मालाबरोबर घरही एकदमच आण, असं सांगणारे दोन शब्द मी क्वेरीत घातले. यादी झटकन आली. मालकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि मी ती घेतली. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, चूक माझी होती असं सांगितलं.

“जाऊ दे की. चाललं न्हवं आता?” ते म्हणाले. काम दादांकडे परत गेलं नाही.

मागच्या महिन्यात व्यापाऱ्यांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, “ते आधीचं पावणं बदललं ते बेस केलं, मॅडम. तेंच्यामुळंच अडकलं होतं सगळं.”

दादा पलीकडच्याच टेबलावर होते.

“त्यांच्यामुळे नाही,” मी म्हणाले. आवाज चढला होता. “चूक माझी होती.”

आजूबाजूचं टायपिंग थांबलं.

“असू दे, असू दे,” व्यापारी म्हणाले. “यादी येतीय न्हवं येळेवर?”

“येतेय.”

मी फोन ठेवून दादांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. ते कुणालातरी प्रिंटरची वायर काढून परत लावायला सांगत होते.